खाडीच्या काळ्या चिखलातलं गंधकाचं चक्र: पाहायचं, मोजायचं आणि पडताळायचं कसं

चिखल काळा आहे, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणजे त्यात सल्फेट-क्षपणक (सल्फेटचं सल्फाइड करणारे) जिवाणू आहेत, असा निष्कर्ष विज्ञान प्रकल्पांत नेहमी वाचायला मिळतो. तो बहुतेक वेळा बरोबरच असतो, पण एवढ्यावर सिद्ध काहीच होत नाही. अंडं कुजतं तेव्हा येणारा हायड्रोजन सल्फाइड प्रथिनांमधल्या गंधकातून येतो, त्याला समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट लागत नाही. तुमच्या चिखलातला वास मेलेल्या शिंपल्यांचा आहे की समुद्राच्या सल्फेटचा, हे नाकाने कळणार नाही. ते वेगळं काढण्याची पद्धत पुढे दिली आहे. पदवीच्या प्रयोगशाळेत ती सहज जमते आणि शिक्षक सोबत असतील तर अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनाही जमण्यासारखी आहे.

आधी हिशेब

समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, म्हणजे २८ मिलिमोल. त्याच पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.२ मिलिमोल. खाडीच्या तळावर पानं, शेवाळ, विष्ठा, मेलेले जीव यांचा थर सतत पडत असतो आणि तो खाणारे जिवाणू वरच्या काही मिलिमीटरमध्येच ऑक्सिजन संपवून टाकतात. त्याखाली श्वसनासाठी आधी नायट्रेट, मॅंगनीज आणि लोहाची ऑक्साइडं वापरली जातात, पण या सगळ्यांचा साठा तुटपुंजा असतो. सल्फेटचा साठा मात्र ऑक्सिजनच्या शंभरपटीहून मोठा आहे. म्हणून किनाऱ्याजवळच्या गाळात सेंद्रिय पदार्थांच्या विघटनाचा मोठा भार सल्फेटवर पडतो. डॅनिश शास्त्रज्ञ बो बार्कर यॉर्गेनसेन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार किनारी गाळात हा वाटा निम्म्यापर्यंत जाऊ शकतो.

सल्फेट-क्षपणक जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात आणि सल्फाइड बाहेर टाकतात. मार्टिनुस बायरिंक यांनी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १८९५ मध्ये त्यांचं पहिलं वर्णन केलं. डिसल्फोव्हिब्रियो ही त्यातली सगळ्यांत परिचित प्रजाती. ते लाकूड किंवा पानं थेट खात नाहीत. दुसरे जिवाणू सेल्युलोज आंबवून लॅक्टेट, ॲसिटेट, हायड्रोजन तयार करतात आणि मग यांची पाळी येते. प्रयोगात कागद घातला तर परिणाम उशिरा दिसतो आणि लॅक्टेट घातलं तर लवकर, ते यामुळेच.

तयार झालेल्या सल्फाइडचं पुढे काय होतं, हा माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. काही भाग लोहाशी जुळून काळा आयर्न सल्फाइड बनतो आणि कालांतराने त्यातून पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज बनतं. पण बहुतांश सल्फाइड वर सरकतं आणि ऑक्सिजन, लोह किंवा मॅंगनीजच्या ऑक्साइडांशी भिडून पुन्हा गंधक, थायोसल्फेट, सल्फेट या वाटेने परत जातं. किनारी गाळात तयार झालेल्या सल्फाइडपैकी कायमचं पुरलं जातं ते थोडंच. चिखलाच्या काळेपणात फक्त ही शिल्लक दिसते, झालेली सगळी उलाढाल दिसत नाही. म्हणून काळेपणा पाहून थांबू नका. सल्फेट किती घटलं ते मोजा.

जागा आणि वेळ

कोकणातली कुठलीही शांत खाडी चालेल: भाट्ये, जयगड, आचरा. सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी मिसळणाऱ्या खाड्या पहिल्या प्रयोगासाठी टाळा. तिथे जड धातू आणि रोगजंतूंचा धोका असतो आणि निकालाचा अर्थ लावणंही कठीण जातं. कांदळवनाच्या आत शिरून खणू नका. महाराष्ट्रात कांदळवनांना कायद्याचं संरक्षण आहे. बाहेरच्या उघड्या चिखलपट्टीवर काम करा आणि वनखात्याला किंवा ग्रामपंचायतीला आधी विचारून घ्या. तिसऱ्या-शिंपल्या काढणाऱ्या बायकांना चिखल कुठे पाय धरतो आणि कुठे गिळतो हे नेमकं माहीत असतं, त्यांच्याशी बोलल्याशिवाय उतरू नका.

दिवस निवडताना कोकणातला जुना हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती साधारण सव्वाअकराला आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. हेच उधाणाचे दिवस, पाणी सगळ्यांत खाली जाण्याचे. पौर्णिमा-अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी सकाळची ओहोटी धरली तर उजेड आणि थंडावा दोन्ही मिळतात. त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी वेळ ताडून पाहा. कधीही एकट्याने जाऊ नका आणि पाणी फिरण्याआधी अर्धा तास काठावर या.

महिने फेब्रुवारी ते मे. पावसात नद्यांचं पाणी खाडीत येतं, क्षारता उतरते आणि तेवढ्याच प्रमाणात सल्फेटही उतरतं. तोच प्रयोग ऑगस्टमध्ये पुन्हा केला तर तुलना फार बोलकी होते, पण पहिला प्रयोग उन्हाळ्यातच करा.

गाळाचं नळकांडं काढणं आणि वाचणं

६० मिलीची मोठी सिरिंज घ्या, टोकाकडचा भाग करवतीने सरळ कापून टाका. उघडं तोंड चिखलावर टेकवा, दट्ट्या जागेवर धरून फक्त बाहेरची नळी हळूहळू खाली दाबा. दट्ट्या नळीबरोबर खाली गेला तर गाळ दाबला जातो आणि थर बिघडतात. नळी पूर्ण आत गेली की बाजूने हाताने उकरून खालचं तोंड रबरी बुचाने बंद करा आणि उचला. जास्त खोल जायचं असेल तर ५ सेंटीमीटर व्यासाची पारदर्शक ॲक्रिलिक नळी आणि दोन बुचं पुरतात. नळकांडं उभंच ठेवा.

आता ते वाचा. सगळ्यांत वर तपकिरी थर, तो लोहाच्या ऑक्साइडांमुळे. त्याखाली करडा पट्टा, मग काळा. लांब नळीत काळ्याच्या खाली पुन्हा करडा रंग दिसू शकतो आणि तिथे बरेच जण फसतात. खाली क्षपण थांबलं असा त्याचा अर्थ नसतो. काळ्या आयर्न सल्फाइडचं पायराइट झालं की चिखल करडा दिसू लागतो. खेकड्याच्या बिळाची भिंत काळ्या थरात शिरूनही तपकिरी असते, कारण बिळातून ऑक्सिजन खाली जातो. त्यामुळे एकाच चौरस मीटरमधल्या दोन नळकांड्यांत फरक पडला तर गोंधळून जाऊ नका. किमान तीन नळकांडी काढा.

कोकणात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. जांभ्यातून झिरपून येणाऱ्या ओढ्यांबरोबर भरपूर लोह खाडीत येतं. ते सल्फाइडला लगेच धरून ठेवतं. म्हणून इथे चिखल कोळशासारखा काळा असूनही वास अगदी कमी, असं होऊ शकतं. उलट लोह कमी असलेल्या, शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेल्या गाळात रंग फिकट पण वास उग्र असतो.

काळ्या थराचा चमचाभर तुकडा पांढऱ्या बशीत पातळ पसरून उघड्यावर ठेवा. काही तासांत कडा तपकिरी होऊ लागतात. आयर्न सल्फाइड हवेत किती चटकन ऑक्सिडीकृत होतं याचा हा पुरावा आहे, आणि नमुना हवाबंद का ठेवायचा हेही त्यातून कळतं. प्रयोगासाठीचा काळा चिखल रुंद तोंडाच्या बरणीत काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, सावलीत न्या. गोठवू नका. त्याच ठिकाणचं ५ लिटर पाणीही घ्या.

खोलीचा अंदाज दुसऱ्या मार्गानेही मिळतो. साध्या लोखंडाची, गॅल्व्हनाइज न केलेली सळई पॉलिश पेपरने घासून चिखलात खोवा, चिखलाच्या पातळीवर खूण करा आणि दोन-तीन आठवड्यांनी काढा. ऑक्सिजन पोहोचतो तिथे नारिंगी गंज चढतो, सल्फाइड असतो तिथे काळा लेप. काढल्याबरोबर फोटो घ्या, कारण काळा लेप तुमच्या डोळ्यांदेखत बदलू लागतो.

मोजणीच्या बाटल्या

हा भाग घाईने उरकू नका, सगळा पुरावा इथेच आहे. खोकल्याच्या औषधाच्या १०० मिलीच्या तपकिरी काचेच्या २० बाटल्या स्वच्छ धुऊन घ्या. तपकिरी काच अशासाठी की प्रकाशावर जगणारे गंधक-जिवाणू मध्ये येऊ नयेत. प्रत्येक बाटलीत २० मिली काळा चिखल आणि वर काठोकाठ पाणी, बुडबुडा राहता कामा नये. पाच-पाच बाटल्यांचे चार गट करा.

पहिला गट: खाडीचं गाळलेलं पाणी आणि ६० टक्के सोडियम लॅक्टेटचं ०.४ मिली द्रावण.

दुसरा गट: हेच सगळं, शिवाय ०.४५ ग्रॅम सोडियम मॉलिब्डेट. बाटलीतल्या एकूण पाण्यात त्याचं प्रमाण सुमारे २० मिलिमोल होतं. मॉलिब्डेटचा आकार सल्फेटसारखा असतो, सल्फेट-क्षपणक जिवाणू फसून ते आत घेतात आणि त्यांचं ऊर्जाचक्र बंद पडतं. इतर आंबवणारे जिवाणू मात्र बऱ्याच अंशी चालू राहतात. म्हणून हा गट सगळ्यांत महत्त्वाचा.

तिसरा गट: चिखल सल्फेट नसलेल्या खाऱ्या पाण्याने दोनदा धुऊन त्याच पाण्यात, लॅक्टेटसह. हे पाणी असं बनवा: १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २४ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ११ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट, १.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, ०.७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि ०.२ ग्रॅम खायचा सोडा. नळाचं गोडं पाणी वापरू नका. त्याने सल्फेट काढताना जिवाणूंना क्षारतेचा धक्काही बसतो आणि नेमकं कशामुळे काम थांबलं ते कळत नाही.

चौथा गट: पहिल्यासारखाच, पण चिखल आधी प्रेशर कुकरमध्ये ४० मिनिटं, लागोपाठ तीन दिवस तापवलेला. एकदा तापवून भागत नाही, कारण डिसल्फोटोमॅक्युलमसारखे काही सल्फेट-क्षपणक उष्णतेत टिकणारे बीजाणू करतात. हा कुकर पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही.

बाटल्या अंधाऱ्या कपाटात, घमेल्यात ठेवा. सुरुवातीला, मग ४, ८ आणि १६ दिवसांनी प्रत्येक गटातली एक बाटली उघडायची आणि तिचं काम तिथेच संपवायचं. एकदा उघडलेली बाटली परत बंद करून पुढे वापरायची नाही, हवा आत गेली की ती बाद. पाचवी बाटली राखीव.

सल्फेट मोजणं

उघडणं मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून. हायड्रोजन सल्फाइडचा वास फार थोड्या प्रमाणातही येतो, पण हवेत दहा लाखात शंभर भागांच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. वास यायचा थांबला म्हणजे धोका टळला असं समजू नका. बाटलीत नाक घालून हुंगायचं नाही. बंद खोलीत काळ्या चिखलावर आम्ल ओतायचं नाही, कधीच नाही.

निवळलेलं १ मिली पाणी घ्या, त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे ५ थेंब टाका आणि उघड्यावर १५ मिनिटं ठेवा. सल्फाइड आणि कार्बोनेट वायू होऊन निघून जातात. पांढुरकी झाक आली तर ती मूलद्रव्य गंधकाची, गाळून घ्या. मग ऊर्ध्वपातित पाण्याने १०० मिली करा. त्यातल्या १० मिलीत १ मिली सौम्य आम्ल आणि १ मिली १० टक्के बेरियम क्लोराइड. पाच मिनिटांत बेरियम सल्फेटची पांढरी गढुळता येते.

तुलनेसाठी निर्जल सोडियम सल्फेटची द्रावणं आधी तयार ठेवा. लिटरला ४ ग्रॅम म्हणजे २८ मिलिमोल. त्यापासून २१, १४, ७ आणि ० करा आणि त्यांच्यावरही अगदी हेच सगळं करा. महाविद्यालयात कलरीमीटर असेल तर ४२० नॅनोमीटरवर वाचा, नसेल तर काळ्या कागदासमोर नळ्या शेजारी-शेजारी धरून अंदाज घ्या. दुसऱ्या गटासाठी मॉलिब्डेट घातलेली वेगळी प्रमाण-द्रावणं करा, कारण बेरियम मॉलिब्डेटशीही जुळू शकतं.

आता निकाल. तुम्ही घातलेलं लॅक्टेट सुमारे २.८ मिलिमोल आहे. जिवाणूंनी ते ॲसिटेटपर्यंतच नेलं तर दोन लॅक्टेटमागे एक सल्फेट खर्च होतं, म्हणजे १.४ मिलिमोल. बाटलीतल्या पाण्याच्या हिशेबाने सल्फेट लिटरला २८ वरून १३ मिलिमोलच्या आसपास यायला हवं. खाडीचं पाणी समुद्रापेक्षा कमी खारं असेल तर सुरुवातच २८ च्या खाली असेल, म्हणून पहिल्या दिवशीचं वाचन चुकवू नका. घट १५ पेक्षा ठळक जास्त दिसली तर ॲसिटेटही खाणारे जिवाणू कामाला लागले आहेत, किंवा चिखलातच भरपूर सेंद्रिय माल होता. दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

दुसऱ्या गटात सल्फेट जवळजवळ तसंच राहिलं आणि पहिल्यात घटलं, तर तुमच्या हातात खरा पुरावा आला. दुसऱ्या गटातलं पाणी पिवळसर झालं तर घाबरू नका, चिखलात आधीपासून असलेला सल्फाइड मॉलिब्डेटशी जुळला की तसा रंग येतो. तिसऱ्या गटात सल्फेट नसतानाही वास आला तर तो प्रथिनांच्या कुजण्याचा. तो किती आहे हे कळल्यावरच पहिल्या गटातल्या वासाबद्दल बोला.

सल्फाइड आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर लेड ॲसिटेटचा कागद ओलसर करून उघड्या बाटलीच्या तोंडावर धरा, तो तपकिरी-काळा होतो. शिसं विषारी, हातमोजे घाला. मिठाईवरचा खऱ्या चांदीचा वर्खही सल्फाइडने काळवंडतो, पण बाजारात अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख चांदीचा म्हणून विकला जातो आणि तो काळवंडत नाही. मिळालेला सल्फाइड घटलेल्या सल्फेटपेक्षा कमीच भरेल. उरलेला लोहाने धरला आहे.

चक्राची परतीची वाट

बाटल्यांत फक्त उतार दिसतो. चढ पाहायला १ लिटरच्या दोन उंच पारदर्शक बरण्या लागतात. तळाशी अर्धा लिटर चिखल, त्याच्या खालच्या भागात अर्धा ग्रॅम फिल्टर पेपरचा लगदा, वर ३५० मिली खाडीचं पाणी, तोंडावर सैल झाकण. जास्त कागद घालण्याचा मोह आवरा. १ लिटर समुद्राच्या पाण्यातलं सगळं सल्फेट साधारण दीड ग्रॅम सेल्युलोजमागे संपतं. त्यापुढे मिथेनचे बुडबुडे सुरू होतात आणि थर उखडतात. एक बरणी खिडकीत, थेट ऊन लागणार नाही अशी. दुसरीला काळा कागद गुंडाळा.

आधी कागदाभोवती काळा डाग पसरतो. काही आठवड्यांत उजेडातल्या बरणीत काचेलगत जांभळट आणि हिरवे पट्टे उमटतात. हे सल्फाइडवर प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत, ऑक्सिजन न सोडणारे. हिरव्यांना जास्त सल्फाइड सोसतो, म्हणून ते बहुधा जांभळ्यांच्या खाली असतात. गुंडाळलेल्या बरणीत हे पट्टे येत नाहीत. चिखलाच्या पृष्ठभागावर पांढरी जाळी दिसली तर थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. सरपटणारे लांब धागे आणि आत चमकणारे गंधकाचे कण दिसले तर ती बेगियाटोआ. याच जिवाणूवर काम करताना सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८८७ मध्ये दाखवलं की सजीव निव्वळ अजैविक पदार्थाच्या ऑक्सिडीकरणावर ऊर्जा मिळवू शकतात.

कधी तपकिरी आणि काळ्या थरांमधला करडा पट्टा रुंदावत जातो, म्हणजे ऑक्सिजन आणि सल्फाइड एकमेकांना शिवत नसतानाही सल्फाइड संपत असतो. डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याचं कारण दाखवलं: सेंटीमीटरभर लांबीचे तंतुमय जिवाणू खालच्या सल्फाइडचे इलेक्ट्रॉन वरच्या ऑक्सिजनपर्यंत वाहून नेतात. तुमच्या बरणीत तेच आहेत असं फक्त रंगावरून म्हणू नका, त्यासाठी सूक्ष्म इलेक्ट्रोड लागतात. तारखेसह फोटो मात्र काढत राहा.

हे सगळं चिखलापुरतंच राहत नाही. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलं की पावसाळ्याच्या अखेरीस भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, नायट्रेट संपतं आणि काही ठिकाणी पाण्यातच हायड्रोजन सल्फाइड साठतो. बाटलीतला क्रम तिथे उघड्या समुद्रात घडतो आणि त्याची झळ मासळीला बसते.

चिखल कोरडा पडला तर

उरलेल्या काळ्या-करड्या चिखलाचा सेंटीमीटरभर जाडीचा थर पातळ पिशवीत ओलसर ठेवा आणि आठ आठवडे दर आठवड्याला सामू मोजा. सामू ४ च्या खाली उतरला तर त्या गाळात पायराइट भरपूर आहे आणि हवेत त्याचं गंधकाम्ल होत आहे. बांध घालून खाजण किंवा खारजमीन कोरडी करण्याआधी ही साधी चाचणी करायलाच हवी, कारण अशी जमीन उघडी पडली की भातही येत नाही आणि उघाडीतून (बांधातल्या झडपेतून) निघणारं आम्लधर्मी पाणी माशांना मारतं. शिंपल्यांचा चुरा जास्त असलेल्या गाळात सामू फारसा उतरत नाही, चुना आम्ल शोषून घेतो. म्हणून एकाच खाडीच्या दोन-तीन जागांचा चिखल शेजारी-शेजारी ठेवा.

विल्हेवाट

काळ्या बाटल्या उघड्यावर रिकाम्या करताना प्रत्येकीत आधी २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यात विरघळवून घाला. सल्फाइड लोहाशी बांधला जातो आणि वास बसतो. बेरियमच्या उरलेल्या द्रावणात जादा सोडियम सल्फेट घालून सगळं बेरियम पांढऱ्या साक्यात उतरवा, साका वेगळा गोळा करा. शिशाचे कागद आणि मॉलिब्डेटचा चिखल प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात जातो, खाडीत परत नाही. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटातला चिखल दोन दिवस हवेत पसरून मगच टाका.